नंबरपाटीवरचा जास्तीचा शब्द

ती पाटी मी मागितली नव्हती, हे आधीच सांगते. पण लागल्यावर काढ म्हणूनही सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

२०२२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. १० तारखेला गोव्यात १८६ पंचायतींचं मतदान झालं, १२ ला मोजणी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात सात प्रभाग. माझा महिलांसाठी राखीव झाला होता, म्हणून नवऱ्याच्या ऐवजी माझा अर्ज गेला. हे लपवण्यात अर्थ नाही, गावाला ठाऊक आहे. मी निवडून आले. आमच्याकडे सरपंचाला लोक थेट मत देत नाहीत, निवडून आलेले पंच आपल्यातला एक निवडतात. त्यामुळे मोजणी संपली की दुसरी, खरी निवडणूक कुणाच्या तरी ओसरीवर सुरू होते. चार विरुद्ध तीन असं जमलं आणि "पहिली अडीच वर्षं तुम्ही, पुढची अडीच आम्ही" अशा तोंडी बोलीवर मी खुर्चीत बसले.

माझा धाकटा दीर या सगळ्यात सर्वांत जास्त धावला. खाणी २०१८ मध्ये दुसऱ्यांदा बंद पडल्यापासून त्याचा टिपर अंगणात गंजत होता आणि त्याच्या हाताला काम हवं होतं. माझी निवडणूक हेच त्याचं काम झालं. सरपंचपदाची निवड झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझी गाडी "सर्व्हिसिंगला नेतो" म्हणून घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणली तेव्हा पुढेमागे नव्या पाट्या. काळ्या ॲक्रिलिकवर सोनेरी उठावाची अक्षरं. वर लाल पट्टीवर 'सरपंच', मध्ये गाडीचा क्रमांक देवनागरीत, 'जीए ०४' पासून शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि खाली बारीक अक्षरात गावाचं नाव.

"वयनी, कशी दिसते?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "हें कित्याक?" हे कशाला? त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

मला ती पाटी आवडली होती. लिहितानासुद्धा थोडी लाज वाटते, पण आवडली होती. दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले तर तिथल्या शिपायाने धावत येऊन गाडी लावायला जागा करून दिली. वाटेत नाक्यावर पोलीस पावसात उभा होता, त्याने काठी खाली घेतली आणि मान हलवली. पंधरा वर्षं मी त्याच रस्त्याने बालवाडीत शिकवायला जात होते. कधी कुणी मान हलवली नव्हती.

पर्वरीला मात्र पाटीची जादू चालली नाही. विधानसभा संकुलात एका खात्यात नळाच्या जोडण्यांची फाईल घेऊन गेले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाटीकडे पाहिलंही नाही. "पास?" म्हणाला. त्याच दिवशी परतताना एका पेट्रोलपंपावर दोन पर्यटक पोरं गाडीजवळ आली आणि दिवसाचं भाडं किती ते विचारू लागली. मला काही उमगलं नाही. गाडी भाड्याची नाही, म्हटलं. ती "सॉरी आंटी" म्हणत गेली. त्या प्रश्नाचं कोडं मला बऱ्याच दिवसांनी सुटलं, आणि तेही आरटीओच्या टेबलापाशी.

चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी दीर माझी गाडी घेऊन डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान आणायला गेला. ज्यांनी माटोळीचा बाजार पाहिलाय त्यांना सांगायला नको. सुपारीचे घोस, कांगणां, तोरिंगां, आंबाडे, चिबूड असं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेलं असतं आणि मधून माणूससुद्धा आडवा होऊन चालतो. त्या गर्दीत याने गाडी वळणावर, चक्क बसच्या वाटेत लावली आणि चिबूड निवडत बसला. बस अडली. मागे दुसरी अडली. कोणीतरी फोटो काढला. फोटोत दीर नव्हताच. होती नुसती गाडी, लाल पट्टीवर सोनेरी 'सरपंच' आणि खाली आमच्या गावाचं नाव, वाचता येईल इतकं स्वच्छ.

मी घरी नेवऱ्यांचं पीठ मळत होते. हात भरलेले, फोन वाजतोय. गावाच्या ग्रुपवर तो फोटो आला होता. "सरपंचबाईंनी रस्ता विकत घेतला काय?" पासून "ग्रामसभेत रस्त्यावरच्या पार्किंगचा ठराव यांनीच मांडावा" पर्यंत सगळं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते हे कुणाला सांगणार? गाडी तिथे होती म्हणजे मी तिथे होते. साधा नंबर असता तर डिचोलीच्या बाजारात ती कुणाची गाडी हे किती जणांनी ओळखलं असतं? माझी अडचण मीच छापून लावली होती, तीसुद्धा सोनेरी अक्षरांत.

त्याच दुपारी चलनाचा संदेश आला. गाडी माझ्या नावावर, म्हणून संदेश मला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, अडथळा होईल अशी गाडी लावल्याची. ती समजली. दुसरी, सदोष नंबरपाटीची, कलम १७७ खाली पाचशे रुपये. दीर म्हणाला, "सदोष कशी? साडेतीन हजार दिले त्या दुकानदाराला!"

चतुर्थी आटोपली, गणपती पोचवून आले आणि पुढच्या आठवड्यात मी आरटीओत गेले. दिराला मुद्दाम बरोबर घेतलं. मनात असं होतं की ही पाटी चुकली असेल, पण सरपंचाला मिळणारी कायद्याची अशी काहीतरी पाटी असेलच. तिचा फॉर्म भरायचा. दिराची तर खात्रीच होती. त्याच्या मित्राचा भाऊ शिकागोजवळ असतो. त्याने कळवलं होतं की तिकडे इलिनॉय राज्यात गावाच्या अध्यक्षाला आणि मेयरला खास नंबरप्लेट मिळू शकते, तशी कायद्यात तरतूदच आहे. "अमेरिकेत मिळते, मग आमका कित्याक ना?" हा त्याचा मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला होता.

आतले अधिकारी वयस्क होते, निवृत्तीला आलेले असावेत. त्यांनी पाटीचा फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला.

"हे दुकानात केलंत?"

"हो."

"छान केलंय. काम चांगलं आहे." मग म्हणाले, "आता यात चुका किती आहेत ते मोजूया."

त्यांनी खरोखर बोटांवर मोजल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातले ५० आणि ५१ हे नियम नंबरपाटीचे. त्यानुसार अक्षरं इंग्रजीच हवीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच. देवनागरी चालत नाही. (इथे मी जरा तोंड उघडलं. मराठीसाठी भांडणाऱ्या घरातली मी. ते म्हणाले, "बाई, तामिळनाडूच्या पोलिसाला तुमची गाडी शोधायची वेळ आली तर?" मी तोंड मिटलं.) मोटारीच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, दोन अक्षरांतलं अंतर १०. नक्षी नको, चित्र नको, क्रमांकाखेरीज दुसरं नाव नको. पद नको, गाव नको. आणि १ एप्रिल २०१९ नंतर विकलेल्या गाडीला कंपनीकडूनच उच्च सुरक्षा पाटी येते, ती काढून दुसरी लावणं हीच मुळात चूक. माझी गाडी २०२१ ची.

"पण रंग?" दिराने विचारलं. "काळ्यावर सोनेरी तर शोभते."

अधिकारी हसले. "काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे काय, गोव्यात राहून तुम्हाला ठाऊक नाही? रेंट-अ-कार. लांबून तुमची सरपंचबाई भाड्याने मिळते असं दिसतं."

पेट्रोलपंपावरची ती दोन पोरं मला आठवली. दीर छताकडे बघत होता.

मग त्यांनी सगळे रंग सांगितले. मला ते तेव्हाच नीट कळले, नाहीतर जन्मभर रस्त्यावर बघत होते आणि काही कळत नव्हतं. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं. टॅक्सी, ट्रक, बस यांना पिवळ्यावर काळी. आपणच चालवायची भाड्याची गाडी किंवा स्कूटर असेल तर काळ्यावर पिवळी. विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी, खासगी असेल तर अक्षरं पांढरी, धंद्याची असेल तर पिवळी. परदेशी वकिलातींची निळी. लष्कराच्या गाडीला वर तोंड केलेला बाण. तात्पुरत्या नोंदणीची पिवळ्यावर लाल, विक्रेत्याची लालवर पांढरी.

"आणि सरकारची?" मी विचारलं.

गोवा सरकारच्या गाड्यांच्या मालिकेत एकटं 'जी' अक्षर असतं, म्हणाले. पण ते खात्याच्या गाडीला, अधिकाऱ्याच्या घरच्या गाडीला नव्हे. संचालक बदलला तरी गाडी 'जी'च राहते. क्रमांक मिळतो तो गाडीला, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ खाली. मालक विकतो, मरतो, निवडणूक हरतो, क्रमांकाचं त्याच्याशी काही नातं नाही.

दिराने इलिनॉय काढलं. मला वाटलं, आता हे चिडणार. पण त्यांनी मन लावून ऐकून घेतलं. "तिथे वाहनांची नोंदणी ज्या कार्यालयाकडे आहे तेच ती पाटी देतं ना? मग ती पाटी म्हणजेच नोंदणीचा क्रमांक. पोलिसाने तोच टाकला की गाडी सापडते. तुमची पाटी कोणी दिली?"

दीर गप्प.

"दिराने," मी म्हटलं.

त्यांनी शेवटी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल यांच्या गाड्यांवर पूर्वी क्रमांकाच्या जागी नुसते सिंह असायचे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते प्रकरण गेलं आणि त्यांच्या गाड्यांवरही नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, असं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी, १ मे २०१७ पासून, मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले होते. "वरून सगळं उतरत चाललंय," ते म्हणाले, "आणि पंचायतीत चढतंय. सिंह लावले नाहीत हे बरं केलंत. राजमुद्रेचा २००५ चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते."

दिराचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, दुकानदार सिंह लावायला तयार होता, पण त्याचे आठशे जास्त मागत होता.

आता खरी कामगिरी सुरू झाली. मूळ पाट्या परत लावायच्या, पण होत्या कुठे? मागची घरात सापडली, पार वाकलेली. उच्च सुरक्षा पाटी स्क्रूने बसवत नाहीत. एकदाच बसणारं कुलूप असतं तिला, ते उघडत नाही, तोडावंच लागतं. दुकानदाराच्या पोराने हातोडी आणि पटाशी घेऊन ते तोडलं होतं आणि पाटीला मधोमध चीर गेली होती. पुढची पाटी त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात टाकली होती आणि चतुर्थीआधी दुकान साफ करताना भंगारवाल्याला गेली. ॲल्युमिनियम ना, किलोवर.

म्हणजे एक पाटी मोडलेली, एक हरवलेली. मोडलेली परत देऊन नवी मिळते. हरवलेलीसाठी पोलिसांत तक्रार द्यावी लागते, कारण ती कुणीतरी दुसऱ्या गाडीला लावून काही केलं तर? हे कळल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. चलनाची नाही, ग्रुपवरच्या फोटोचीही नाही, त्या भंगारात गेलेल्या पाटीची.

पोलीस चौकीवर गेले. हवालदार ओळखीचा, त्याची मुलगी माझ्या बालवाडीत होती. तो म्हणाला, "बाई, लिहितो की पावसात पाण्याच्या लोंढ्यात पडली. रस्ता खराब आहे, सगळ्यांच्या पडतात." चांगल्या मनानेच सांगत होता. पण तो रस्ता पंचायतीच्या हद्दीतला. सरपंच स्वतः लिहून देणार की रस्ता इतका खराब की नंबरपाट्या गळून पडतात? मी म्हटलं, जे झालं तेच लिही. घरच्यांनी काढली, दुकानात ठेवली, भंगारात गेली. त्याने लिहिलं. मध्ये दोनदा पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. शेवटी सही घेताना 'सरपंच' असा हुद्दा घालू का, असं विचारलं. नको म्हटलं. वाहनमालक पुरे.

पुढचं काम ऑनलाइन. गाडीच्या कंपनीने ज्यांना पाट्यांचं काम दिलंय त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करायची. भाच्याने फोनवरून सांगितलं, मी भरत गेले. राज्य, क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक. "माहिती जुळत नाही." परत भरली. "माहिती जुळत नाही." तीन दिवस हेच. मला वाटलं, चलन भरलं नाही म्हणून अडवतायत. चलन भरलं. तरीही जुळेना. शेवटी शोरूममध्ये गेले. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने माझा कागद बघितला आणि दहा सेकंदांत चूक काढली. चासी क्रमांकात एके ठिकाणी शून्य होतं, मी इंग्रजी 'ओ' टाकत होते. ती म्हणाली, चासी क्रमांकात 'ओ' अक्षर कधी नसतंच, 'आय' आणि 'क्यू'ही नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. जगभर तसंच. कोणीतरी माझ्यासारख्या बाईचा विचार करून ठेवला होता, आणि मला ते तीन दिवसांनी कळलं!

मग पैसे भरले, पावती आली, तारीख मिळाली. तोवर गाडी अंगणात टिपरच्या शेजारी उभी. मी पंचायतीत स्कूटरवरून जात होते. रेनकोट घालून, डोक्यावर हेल्मेट. गंमत म्हणजे त्या दिवसांत लोकांनी मला जास्त वेळा थांबवलं. गाडीची काच खाली करायला कुणी सांगत नाही. स्कूटर मात्र कोणीही हात करून थांबवतं. कुणाच्या घरासमोरचा दिवा जातो-येतो, कुणाच्या गटारात शेजाऱ्याने माती टाकलेली, एका म्हातारीला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे दोन महिने आले नव्हते. तिने भर पावसात बँकेचं पुस्तक छत्रीखाली धरून मला दाखवलं.

ठरल्या दिवशी शोरूमच्या मागच्या बाजूला पाट्या बसवून दिल्या. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. मी मुद्दाम जवळ उभी राहून बघितलं. डावीकडे वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चमकता होलोग्राम, वीस बाय वीस मिलिमीटर. खाली लेसरने कोरलेला क्रमांक, तो प्रत्येक पाटीचा वेगळा. जवळून, जरा तिरकं बघितलं तर अक्षरांवर तिरपं बारीक 'इंडिया' छापलेलं दिसतं. इतके दिवस माझ्याच गाडीवर होतं, कधी वाचलं नव्हतं. पुढच्या काचेवर आतून तिसरं स्टिकर, पेट्रोलची म्हणून फिकट निळं. डिझेलला नारिंगी असतं. कुलूप बसताना टक् असा आवाज झाला. मुलगा म्हणाला, "आता हे काढायचं नाही हां, काकी."

काळी पाटी दिराने घरी आणली. टाकवेना त्याला. साडेतीन हजार.

माझी अडीच वर्षं पुरी झालीच नाहीत. सहा महिने बाकी असताना अविश्वास ठराव आला. गटविकास अधिकाऱ्यांनी बैठक बोलावली, हात वर झाले, चार विरुद्ध तीन. आकडे तेच, फक्त एक हात इकडचा तिकडे. आमच्या गावात हे काही नवल नाही, आधीच्या पाच वर्षांत चार सरपंच झाले. त्यातल्या दोघांच्या गाड्यांवर तो शब्द अजून आहे. म्हणजे माझ्या वेळी मीही पाटी ठेवली असती तर गावात सरपंच लिहिलेल्या गाड्या तीन फिरल्या असत्या आणि सरपंच एक.

नवे सरपंच निवडून आले त्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. चहा घेतला, पावसाबद्दल बोलला, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग दिराला हळूच म्हणाला, "ती तुमची पाटी होती ना, ती कुठे केली होती? म्हणजे दुकान कुठलं?"

दीर माझ्याकडे बघायला लागला. सासूबाई उठल्या, मुलाला म्हणाल्या, "ये, दाखवते," आणि त्याला मागच्या परसात घेऊन गेल्या. तिथे कोंबड्यांच्या खुराड्याचं दार गेल्या पावसात कुजलं होतं. त्याच्या जागी त्यांनी दोन बिजागऱ्या मारून ती काळी पाटी बसवली होती, उलटी. तरी सोनेरी अक्षरं वाचता येत होती.

"घट्ट आहे," सासूबाई म्हणाल्या. "मुंगूस येत नाही."